वरुणाचे पाश

कौरवांच्या सभेत द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नाला जेव्हा एकही वृद्ध उत्तर देईना, आणि धर्माचे अंतिम प्रमाण म्हणून ज्यांच्याकडे सारे कुरुकुल पाहत असे ते पितामह भीष्मसुद्धा धर्माची गती सूक्ष्म आहे एवढे बोलून थांबले, तेव्हा विदुराने त्या निःशब्द सभेला एक जुनी कथा सांगितली. प्रह्लादाचा पुत्र विरोचन आणि अंगिरसाचा पुत्र सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण यावरून वाद पेटला, दोघांनी प्राण पणाला लावले आणि निवाडा मागण्यासाठी ते प्रह्लादाकडेच गेले. एका बाजूस पोटचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूस सत्य अशा पेचात सापडलेल्या त्या दैत्यराजाने कश्यप ऋषींना विचारले की, ठाऊक असूनही जो प्रश्नाचे उत्तर देत नाही त्याची गती काय होते. कश्यपांनी सांगितले की, कामाने, क्रोधाने अथवा भयाने जो जाणता मनुष्य उत्तर टाळतो तो वरुणाचे सहस्र पाश आपल्याच हातांनी आपल्याभोवती आवळून घेतो. आणि त्यांतला एक पाश सुटायला पुरे एक वर्ष लागते.

ही कथा मी प्रथम ऐकली ती तंजावरात, आमच्या घराच्या ओसरीवर, रामनवमीच्या उत्सवातल्या एका कीर्तनात. व्यंकोजी राजांनी 1675-76 च्या सुमारास तंजावर घेतल्यावर त्यांच्या पाठोपाठ जी मराठी घराणी कावेरीच्या या मुलखात आली आणि इथल्याच मातीत रुजली, त्यांतले आमचे एक. बाहेर तमिळ, घरात मराठी आणि देवापुढे दोन्ही, अशी आमच्या बोलण्याची वाटणी. हरिदासबुवा सहस्र पाशांवरून पुढच्या पदाकडे वळले, झांजा वाजू लागल्या, मंडळी डोलू लागली. परंतु बारा वर्षांचा मी खांबाला टेकून हिशेब करीत राहिलो होतो. अवघ्या सहा महिन्यांपूर्वी मला एक प्रश्न विचारला गेला होता, त्याचे उत्तर एका अक्षराचे होते, ते मला ठाऊक होते आणि मी ते दिले नव्हते.

तो प्रसंग 1939 च्या नवरात्रातला. त्याच वर्षी तंजावरच्या राजघराण्यातील ज्येष्ठ राजपुत्रांनी, ज्यांच्याकडे देवस्थानांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद चालत आले होते, बृहदीश्वराचे आणि आपल्या अखत्यारीतील इतर देवळांचे दरवाजे हरिजनांना मोकळे केले होते, आणि त्या घटनेची चर्चा आमच्या वीथीतल्या प्रत्येक तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, कुठे समाधानाने तर कुठे दबलेल्या संतापाने, महिनोन्‌महिने चालू होती. माझा त्या वेळचा जिवलग मित्र मानंबुच्चावडीच्या बाजूला राहणारा, ख्रिस्ती घरातला मुलगा होता. त्याचे वडील शिक्षक होते. परंतु हा मुलूख ज्या जातीला अस्पृश्य म्हणत आला तिच्यातून त्याचे पूर्वज चर्चमध्ये गेले होते, आणि चर्चमध्ये जाऊनही गावाच्या हिशेबात ते होते तिथेच राहिले होते. आमची मैत्री शाळेत जमली आणि पाण्यात वाढली. मेट्टूरचे धरण पुरे झाले त्याच वर्षी, म्हणजे 1934 साली, कल्लणै बंधाऱ्यापासून निघणारा जो नवा कालवा सुरू झाला आणि ज्याला गावाने पुदु आरु, म्हणजे नवी नदी, असे नाव दिले, तो मोठ्या कोविलाच्या, म्हणजे बृहदीश्वराच्या, तटाला लागून वाहतो. त्या पाण्यात आम्ही दोघे पोहायला शिकलो. पाय टेकत नाहीत म्हणून मी एकदा घाबरलो तेव्हा त्याने माझ्या हनुवटीखाली हात धरून मला काठाला आणले होते, आणि ही गोष्ट त्याने कधी कोणाला सांगितली नाही.

आमच्या घरी नवरात्रात बोम्मै कोलु मांडला जाई: नऊ पायऱ्या, त्यांवर राम-सीता, दशावतार, मान हलवणाऱ्या तंजावरी बाहुल्या, आणि खालच्या पायरीजवळ पोरांनी मांडलेले गाव, त्यात वाळूची नदी आणि मोहरी पेरून उगवलेले शेत. त्या गावात हत्ती नाही, असे मी मित्राजवळ बोललो होतो. त्याने पुदु आरूच्या काठची चिकण माती आणून एक हत्ती घडवला, सावलीत वाळवला, आणि सातव्या माळेच्या दिवशी तो घेऊन, मी बोलावल्याप्रमाणे, मी सांगितलेल्या वेळेला आमच्या घरी आला. मी त्याला ओसरी ओलांडून माजघरात नेले. तिथे आजी होती, काका होते, आत्या होत्या, हळदीकुंकवाला आलेल्या सातआठ बायका होत्या. क्षणभर कोणी बोलले नाही. मग आजीने विचारले, “ह्याला आत कोणी बोलावलं?”

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. ती साऱ्या माजघराला विचारत होती. ‘मी’ हे उत्तर माझ्या जिभेवर आले होते आणि तिथेच राहिले. मी पायऱ्यांवरच्या बाहुल्यांकडे पाहू लागलो, जणू त्या क्षणी मला त्यांखेरीज दुसरे काही दिसतच नव्हते. तेव्हा माझा मित्र तमिळमध्ये म्हणाला, “नाने वन्देन.” माझा मीच आलो. एवढे बोलून, हत्ती दोन्ही हातांत धरून, तो ओसरीवरून खाली उतरला आणि निघून गेला. त्याच्यामागे माजघर धुतले गेले. मला कोणी रागावले नाही, कारण मी काही केलेच नव्हते.

पुढे पुष्कळ वर्षांनी, धर्मशास्त्राची पाने थोडीफार चाळू लागल्यावर, मी या प्रसंगाचा निवाडा तिथे शोधला. सभेत जाऊन जो गप्प राहतो तो, खोटे बोलणाऱ्याइतकाच पापी होतो, हे मनूने स्पष्ट सांगितले आहे. विदुराच्या कथेत तर पापाची वाटणीही दिली आहे: जिथे निंद्य कृत्याची निंदा होत नाही तिथे पापाचा अर्धा भाग सभेच्या मुख्याकडे जातो, एक चतुर्थांश करणाऱ्याकडे आणि उरलेला चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांकडे. या हिशेबाने आजीचा वाटा मोठा आणि माझा लहान ठरला असता. त्यातही स्मृतिकारांनी वयाची सवलत ठेवली आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रायश्चित्त निम्मे, आणि पाच वर्षांहून मोठ्या पण अकरांहून लहान बालकाच्या दोषाचे प्रायश्चित्त त्याच्या वडीलधाऱ्यांनी करावे, अशी ती व्यवस्था. माझे अकरावे संपून बारावे लागले होते. म्हणजे दोष माझाच, परंतु निम्मा. ही सवलत वाचून काही काळ मला हायसे वाटले हे मी नाकारीत नाही. परंतु विचार करता करता ध्यानात आले की, मी सभासदांच्या चतुर्थांशात मोडतच नाही. सभासद तो, ज्याच्यासमोर दुसऱ्याची गोष्ट चालली आहे. इथे प्रश्न मलाच होता. त्याचे खरे उत्तर साऱ्या माजघरात दोघांनाच ठाऊक होते. एकाने ते गिळले आणि दुसऱ्याने, त्याला वाचवण्यासाठी, खोटे उत्तर दिले. भ्याडपणाचा पहिला परिणाम असा की, निरपराध माणसाला असत्य बोलावे लागते. माझ्या मौनाने त्याचा अपमान झाला एवढेच नाही. त्याच्या तोंडचे सत्यही मी घेतले.

आमच्या आप्तांपैकी एक वेदान्ती गृहस्थ होते, त्यांच्यापाशी मी तारुण्यात एकदा नाव-गाव वगळून हा विषय काढला. आत्मा अकर्ता आहे, जे घडले ते गुणांच्या मेळाव्यात घडले, त्याचे ओझे वाहणे हीच अविद्या, असे त्यांनी मोठ्या वात्सल्याने समजावले. तो सिद्धान्त खोटा आहे असे म्हणण्याचा माझा अधिकार नाही. परंतु त्याचा हा उपयोग खोटा आहे असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. त्या दिवशी माझ्या मौनाचे फळ मला रोकडे मिळाले होते: रात्री पानात नेहमीप्रमाणे वाढले गेले, आजीने नेहमीप्रमाणे डोक्यावरून हात फिरवला, आणि त्या मायेचा मी पुरेपूर भोक्ता झालो. फळ भोगताना जो भोक्ता असतो त्याला हिशेबाच्या वेळी अकर्ता होता येत नाही. बृहदारण्यकात म्हटले आहे की भय उत्पन्न होते ते दुसऱ्यापासून. आरंभी एकटा असलेला तो पुरुष भ्याला, आणि आपल्याखेरीज दुसरे कोणी नाहीच हे उमजल्यावर त्याचे भय गेले. हे वचन मी अनेकदा मनात घोळवले आहे. अद्वैताची कसोटी एकांतात लागत नाही; ती लागते माजघरात, जेव्हा सारे एका बाजूला आणि मित्र दुसऱ्या बाजूला उभा असतो. त्या वेळी मला तो दुसरा वाटला, आणि म्हणूनच मी भ्यालो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीतील गुणांची गणना करताना अभयाला पहिले स्थान दिले आहे, त्याचा अर्थही मी यावरूनच लावतो. सत्य, अहिंसा, दया, आर्जव हे सारे गुण माझ्यात त्या दिवशी अंकुररूपाने होते. दया होती म्हणून तर मी त्याला बोलावले होते. एक अभय नव्हते, आणि त्यावाचून बाकीचे सारे गुण घरात असून नसल्यासारखे झाले.

माझ्या नोकरीची वर्षे मोडी कागदांचे रुमाल सोडण्याबांधण्यात गेली. दफ्तरात कैफियती असतात, जबान्या असतात, फिर्यादी आणि निवाडे असतात. न दिलेल्या साक्षीचा कागद मात्र कुठल्याच दफ्तरात सापडत नाही. तरीही या शहराच्या इतिहासात एक असा प्रसंग आहे की ज्याच्याकडे माझे मन पुन्हा पुन्हा वळते. 1787 च्या आरंभी तुळजाजी राजांनी, मृत्यू जवळ आला असता, सरफोजी नावाचा नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचा हात श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या हाती देऊन याचा सांभाळ करा असे विनवले. श्वार्ट्झची सचोटी राजापासून रयतेपर्यंत सर्वांना मान्य होती. परंतु एवढी जबाबदारी त्याने घेतली नाही, आणि राजाचा सावत्र भाऊ अमरसिंग यालाच पालक नेमावे असे सुचवले. राजा वारला. मद्रासचा गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल याने पंडितांचा अभिप्राय घेतला, आणि पंडितांनी दत्तविधान अशास्त्र ठरवले: मुलगा बापाचा एकुलता एक आहे, त्याचे वय अधिक आहे, दत्तक घेतेवेळी राजाचे चित्त ठिकाणावर नव्हते. अमरसिंग गादीवर आला, आणि ज्या मुलाचा पालक म्हणून त्याचे नाव सुचवले गेले होते तो मुलगा शिक्षणावाचून, नजरकैदेत वाढू लागला. तो निर्णय द्रव्याच्या बळावर मिळवला गेला असा आरोप पुढे झाला. तो बाजूला ठेवला तरी एवढे उरतेच की, नऊ वर्षांचे पोर वाड्यात एकटे असता, शास्त्र जाणणाऱ्यांच्या सभेतून त्याच्या बाजूचे शास्त्र बाहेर आले नाही.

श्वार्ट्झचे पुढचे आचरण मला फार मोलाचे वाटते. आपण मागे घेतलेल्या हातामुळे काय घडले हे त्याने पाहिले, आणि मग तो केवळ प्रार्थना करीत बसला नाही. त्याने मद्रासच्या सरकारकडे, म्हणजे जिथे तो निर्णय झाला होता तिथेच, लेखी तक्रारी केल्या. 1793 च्या आरंभी सरफोजीला आणि तुळजाजींच्या विधवा राण्यांना मद्रासला हलवण्यात आले. तिथे मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था झाली. दत्तविधानाचा प्रश्न पुन्हा उघडून काशीपर्यंतच्या पंडितांना विचारला गेला आणि ते सशास्त्र ठरले. फेब्रुवारी 1798 मध्ये श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये सरफोजी राजे गादीवर बसले. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये आजही ते संगमरवरी शिल्प आहे, जे राजांनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून आणले: अंथरुणावर मरणोन्मुख श्वार्ट्झ, आणि त्याच्या शय्येजवळ राजा. हिंदू राजाने ख्रिस्ती गुरूचे ऋण त्याच्याच धर्माच्या मंदिरात, साऱ्यांना दिसेल असे, दगडात मान्य केले. प्रथम मागे घेतलेला आणि नंतर आयुष्यभर पुढे केलेला हात त्या शिल्पात मला दिसतो.

परंतु या इतिहासाची दुसरी एक बाजू आहे, आणि माझा मित्र ज्यांच्यातून आला त्या माणसांचा विचार करताना ती वगळणे हा आणखी एक भ्याडपणा होईल. सरफोजी राजांप्रमाणेच श्वार्ट्झच्या छायेत वाढलेला दुसरा एक मुलगा होता, राजांहून तीन वर्षांनी मोठा. पाळैयंकोट्टैला जन्मलेला हा मुलगा पुढे वेदनायकम् शास्त्री या नावाने तमिळ ख्रिस्ती कवींमध्ये अग्रगण्य झाला. एकाने बेथलेहेम कुरवंजी रचली, दुसऱ्याच्या नावावर मराठीतील देवेंद्र कुरवंजी आहे, आणि दोन्हींत लोकनाट्याच्या साच्यात पृथ्वीचे आणि आकाशाचे नवे ज्ञान गोवलेले आहे. एका गुरूच्या शाळेची खूण दोघांच्या लेखणीवर राहिली. वृद्धपणी, 1829 च्या सुमारास, नव्या मिशनऱ्यांशी वाद होऊन शास्त्रींची मिशनमधील नोकरी गेली, तेव्हा राजांनी त्यांना दरबारी आश्रय दिला. बाळपणीच्या सोबत्याला संकटात टाकले नाही, याबद्दल राजांविषयी मला आदर वाटतो. तथापि वाद कशावरून होता? पूजेतील तमिळ पदे आणि सणांच्या रीती यांबरोबरच, चर्चमध्ये वरच्या जातींच्या ख्रिस्त्यांनी अस्पृश्य ख्रिस्त्यांशेजारी बसावे की नाही, एकाच पात्रातून प्रसाद घ्यावा की नाही, हा त्यातील एक मोठा मुद्दा होता. आणि शास्त्रींनी लेखणी चालवली ती जातिभेद राखण्याच्या बाजूने. ज्यांना एका बाजूला बसवले जात होते त्यांच्या बाजूने दरबारातून शब्द निघाला नाही. मित्राच्या देहाचे, अन्नाचे आणि मानाचे रक्षण करणे हे मैत्रीचे कर्तव्य आहे. त्याच्या अन्यायाचे रक्षण करणे हे नाही. राजांनी पहिले कर्तव्य उत्तम रीतीने पार पाडले. मात्र त्या देवळाच्या दुसऱ्या बाजूला बसवलेल्या माणसांचा दरबारात कोणी बाळमित्र नव्हता. शंभर वर्षांनी त्यांच्यातल्या एका मुलाला तो मिळाला, आणि तो मी होतो.

माझ्या मित्राच्या वडिलांची नोकरी बदलली आणि ते कुटुंब तिरुच्चिरापळ्ळीला गेले. तो मोठा होऊन पोन्‌मलैच्या रेल्वे कारखान्यात लागला हे मला कळले होते. 1959 साली, तिरुच्चिरापळ्ळी जंक्शनच्या फलाटावर, वीस वर्षांनी, त्यानेच मला ओळखले. गाडीला पाऊण तास अवकाश होता. त्याने कॉफी मागवली. आम्ही बोललो: मेट्टूरचे पाणी यंदा वेळेवर सुटले का, पुदु आरूत आताची मुले पोहतात का, त्याची मुले कोणत्या वर्गात आहेत. मधे एकदा तो थांबला आणि त्याने विचारले, “आजी आहेत का?” नाहीत, मी म्हणालो. तो म्हणाला, “त्या फार प्रेमळ होत्या, तू नेहमी सांगायचास.” ह्या वाक्यानंतर जी शांतता झाली तिच्यात मी बोलायला हवे होते. मी घड्याळाकडे पाहिले. त्या वेळी मी एकतीस वर्षांचा होतो. स्मृतिकारांची सवलत संपून पंधरा वर्षे झाली होती. माजघरातला मुलगा घाबरला तो क्षणात. फलाटावरच्या माणसापुढे पाऊण तास होता. बालपणीच्या भ्याडपणाला क्षमा मागता येते; पुढे इतकी वर्षे त्याला जपून ठेवणारा जो प्रौढ असतो त्याने काय मागावे, हे मला त्या दिवसापासून कळेनासे झाले. 1973 मध्ये त्याच्या मुलाचे कार्ड आले. माझा पत्ता त्याने वडिलांच्या वहीतून घेतला होता. मित्र वारला होता.

ज्याच्याजवळ क्षमा मागायची तो उरला नाही, म्हणजे प्रायश्चित्ताचे दार बंद झाले काय? मनूने पापमोचनाचे जे उपाय सांगितले आहेत त्यांत तप, अध्ययन, दान आणि पश्चात्ताप आहेतच. परंतु गणनेत सर्वांच्या आधी आहे ते ख्यापन, म्हणजे आपले पाप आपल्या तोंडाने प्रकट करणे. जसजसा मनुष्य ते सांगतो तसतसा, कात टाकणाऱ्या सर्पासारखा, तो त्यातून मोकळा होतो. मी प्रथम यातून सोयीचा अर्थ काढला. रामेश्वरच्या समुद्राला सांगितले. काशीला गंगेला सांगितले. परंतु समुद्राने मला कधी काही विचारले नव्हते. ज्याने विचारलेच नाही त्याला दिलेले उत्तर हे उत्तर नव्हे, आणि जो आपल्यावर रुसू शकत नाही त्याच्यापुढे केलेल्या ख्यापनाला काही किंमत पडत नाही.

या कोंडीतून वाट सुचली ती मित्राच्याच धर्मग्रंथातून. येशूला पकडून नेले त्या रात्री त्याचा शिष्य पीटर अंगणात शेकोटीजवळ उभा होता. तू याच्याबरोबरचा ना, असे त्याला विचारले गेले आणि त्याने तीन वेळा नाही म्हटले. लूकच्या शुभवर्तमानात एक बारकावा अधिक आहे: त्या क्षणी येशूने वळून पीटरकडे पाहिले. ते पाहणे कसे असेल हे मला ठाऊक आहे असे मी वर्षानुवर्षे समजत होतो. परंतु योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पुढची गोष्ट आहे, आणि ती मी उशिरा वाचली. सरोवराच्या काठी पुन्हा कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. पुनरुत्थित येशू पीटरला दोष देत नाही, त्या रात्रीचा उल्लेखही करीत नाही. तो फक्त, माझ्यावर तुझे प्रेम आहे काय, असे विचारतो, आणि तीन वेळा विचारतो. जितके नकार तितकेच प्रश्न. आणि जवळ तसाच विस्तव. हे वाचले तेव्हा मला श्वार्ट्झचे मद्रासला जाणारे कागद आठवले, आणि कश्यपांचे पाशही नव्याने समजले. पाश पडतात ते उत्तर न दिल्यामुळे. म्हणून ते सैल व्हायचे तर ते उत्तरानेच, आणि प्रश्न जिथे विचारला गेला तिथेच. प्रश्न मरत नाही. विचारणारा जातो, ज्याच्याविषयी विचारले तोही जातो, परंतु न दिलेले उत्तर त्या घरात उभे राहते आणि घर त्याच्याभोवती आपला इतिहास रचते.

आमच्या घराने तो रचला होता. सरफोजी राजांनी 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतींवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवले. सामान्य घराणी आपले वंशचरित्र जेवणाच्या पंगतीत सांगतात. आमच्या चरित्रात एक वाक्य होते, जे माझ्या चुलत्यांनी, मग चुलतभावांनी आणि पुढे त्यांच्या मुलांनी पाहुण्यांना अभिमानाने ऐकवले: आपल्या घरात जातीपातीचा भेद कधीच नव्हता. ते खोटे बोलत नव्हते; त्यांना तसेच सांगितले गेले होते. खोटे होते ते माझे, कारण 1939 च्या त्या माजघरातले आता एकटा मीच उरलो होतो आणि प्रत्येक वेळी ते वाक्य ऐकून मी पानातले वेचीत बसलो होतो.

गेल्या नवरात्रात, सातव्या माळेच्या संध्याकाळी, कोलुसमोर सारे जमले असता मी ते सांगितले. त्याच माजघरात, आजी बसे त्या जागेकडे तोंड करून, मी म्हणालो की ह्या घरात एक मुलगा आला होता, त्याला आत कोणी बोलावले असे विचारले गेले होते, आणि त्याला मी बोलावले होते. मग मी त्याचे नाव घेतले. ते इथे लिहीत नाही, कारण ते छापण्याची परवानगी आता मला कोणाकडून मिळायची नाही. परंतु त्या माजघरात ते मी पूर्ण, त्याच्या वडिलांच्या नावासह, मोठ्याने उच्चारले. आमची मुले गप्प राहिली. नातीने विचारले की हत्तीचे काय झाले, आणि मला सांगावे लागले की तो त्याने परत नेला. माझी थोरली चुलतबहीण, जिने लहानपणी मला कडेवर खेळवले आणि जिची आजीवर माझ्याहून अधिक भक्ती, ती उठली. मेलेल्या माणसांची अब्रू सणाच्या दिवशी काढतोस, असे म्हणाली, आणि हातातले सुंडल तसेच खाली ठेवून, माझ्याकडे न पाहता, निघून गेली. अजून ती माझ्याशी बोललेली नाही.

तिच्यामागे दार लागल्याचा आवाज झाला तेव्हा मला कळले की, बारा वर्षांचा मुलगा ज्याला भ्याला होता ते हेच. आपल्या माणसांपैकी एखादे उठून जाईल, बोलेनासे होईल, पानात वाढताना हात आखडेल: एवढ्याच किमतीसाठी मी चव्वेचाळीस वर्षे तो प्रश्न तसाच ठेवला होता. बहिणीच्या रुसव्याचे दुःख खरे आहे आणि ते मी वाहतो. ते मला पेलते. त्या दिवशीही ते मला पेलले असते.